लाल वडी

उरला इथल्या कारखान्यात भट्टीवर मी लोखंड वितळवतो, पण माझ्या पोरीच्या अंगातलं निघता निघत नव्हतं. तिला थॅलेसेमिया, म्हणून दर पंधरवड्याला रक्त चढवायचं, आणि त्यातलं लोखंड तिच्या काळजात साठायचं. ते धरून बाहेर काढणाऱ्या कॅप्सूल देताना डॉक्टर म्हणाले, लघवी लाल झाली की समजा, औषधानं लोखंड पकडलं. रोज सकाळी पोरगी लघवीची बाटली आणून द्यायची, मी खिडकीच्या उजेडात धरायचो. लाल! मग ड्यूटीवर हसत जायचो. आज रिपोर्ट आला: लोखंड दुप्पट, हृदय थकत चाललंय. घरी येऊन मी तिचं दप्तर उपडं केलं. थुंकलेल्या कॅप्सूल पडल्या, मागोमाग रंगपेटी. बाकी रंगांच्या वड्या कोऱ्या, फक्त लाल तळापर्यंत झिजलेली. "काहून केलं बेटा असं?" ती शाळेतल्या हिंदीत म्हणाली, "उलटी होती थी, पप्पा. और लाल देखके आप हँसते थे ना."