खासगी किलोमीटर

अपघातात गेलेल्या नवऱ्याच्या गाडीतली वही तिने कंपनीच्या कारकुनापुढे ठेवली. स्वतःच्या गाडीने कंपनीची मशिनं दुरुस्त करत हिंडणारा तो माणूस प्रत्येक फेरीआधी पेन्सिलीने लिहायचा, कामाची की खासगी; कामाच्या फेरीचं पेट्रोल कंपनी द्यायची. वर्षभराची पानं उलटताना खासगीचा रकाना कोराच दिसला. कारकुनाने शेवटचं पान उघडलं आणि चष्मा काढला. "वहिनी, अपघाताच्या दिवशीची शेवटची नोंद बघा. 'अर्ध्या वाटेतून घरी परत, खासगी.' ही राहिली, तर पेट्रोलचे पैसे सोडाच, भरपाईच्या वेळीही कंपनी हात वर करेल." त्याने हळूच खोडरबर पुढे सरकवलं. तिचे डोळे पेन्सिलीच्या अक्षरांवर खिळले. त्या सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तो रागातच गेला, हेच महिनाभर तिचं काळीज कुरतडत होतं. "म्हणजे ते परत येत होते?" तिने वही मिटली. "खोडू नका, भावजी. तेवढेच किलोमीटर माझे आहेत."