पहिली अजान
क्षयाच्या इंजेक्शनांनी पोटातलं मूल बहिरं निघू शकतं, असं जुन्नरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून शेजारची ठकूबाई नसीमसाठी रोज गुळवेलीचा काढा आणायची.

"लई कडू हाय, काकू. यानं काय व्हणार?" नसीम कुरकुरायची. ठकूबाई उत्तरच द्यायची नाही. पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राहायची.

मूल जन्मलं ते रडतच. आंघोळ झाल्यावर नसीमच्या सासऱ्यांनी त्याच्या उजव्या कानाशी अजान सुरू केली. पहिल्याच शब्दाला मूल गप्प झालं. नसीमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

ते पाहून दारातली ठकूबाई पांढरीफटक पडली. "ऐकलं का गं त्यानं?" तिनं मोठ्यानं विचारलं.

तिचे स्वतःचे कान त्याच इंजेक्शनांनी गेले होते. नसीमनं बाळाच्या कानाकडं बोट केलं आणि हसून मान डोलावली.