हार्लनची चौकशी

“व्हॅलरी मॅडम का?” फोनवर कुणा बाईनं विचारलं आणि सफरचंद सोलता सोलता लॉर्ना थबकली. एस्कॉर्टचा धंदा सोडल्यापासून अख्ख्या दुलुथमध्ये तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

“मी ताशा, तुमच्याच धंद्यातली. हार्लन नावाचे गृहस्थ भेटीची वेळ मागतायत. ओळखीला तुमचं नाव दिलंय. माणूस कसा आहे?”

लॉर्ना उखडलीच. बाईचं नाव देण्याआधी तिला विचारायचं, ही साधी रीत! पण तो विचारणार कसा? ‘यापुढे मला फोन करायचा नाही,’ असं सगळ्या गिऱ्हाइकांना तिनंच बजावलं होतं. आणि हार्लन शब्दाचा पक्का.

“बिनधास्त बोलाव,” ती म्हणाली. “बुटांवरचा बर्फ बाहेरच झटकेल, जाताना कॉफीचा कप विसळून ठेवेल. आणि विनोद सांगेल, तोच तो, बदकाचा. हसावं लागतं हं!” सांगता सांगता ती स्वतःच खुदखुदली.

संध्याकाळी पुन्हा ताशाचा फोन. “कसला विचित्र माणूस हो तुमचा! मी होकार कळवला, तर म्हणे आता भेट नको. एवढंच विचारलं, ‘तिचा आवाज कसा वाटला?’”

लॉर्नानं फोन कानाशी घट्ट धरला.

“मग तू काय सांगितलंस?”

“छान, म्हटलं. हसत होत्या.”

“छान कसला! सर्दीनं बसलाय म्हणून कळव त्याला. पुढच्या आठवड्यात पुन्हा चौकशी करावी लागेल.”