सासूचं काम

बालगृहाच्या गॅदरिंगला नेसरीचं एक जोडपं मुलगी दत्तक घ्यायला आलं होतं. आमच्या सारिकाला "लई तोंडाळ हाय" म्हणून आजवर सगळ्यांनी नाकारलेलं. म्हणून नाटकात मी तिला मुद्दाम गरीब सुनेचं काम दिलं. पण सासू झालेली मुलगी ऐनवेळी घाबरून रडायला लागली, तशी तिला सुनेच्या जागी ढकलून सारिकाच लुगडं खोचून सासू म्हणून रंगमंचावर गेली.

"काय गं, भाकरी थापलीस का शेणी?"

तिचा आवाज घुमला आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्या बाईंनी दचकून डोक्यावर पदर घेतला. मी कपाळाला हात लावला.

नाटक संपताच बाई थेट पडद्यामागे आल्या आणि त्यांनी सारिकाचा हात धरला.



"गुरुजी, हीच द्या. घरात माझ्या सासूला तोडीस तोड देणारं कुणीच न्हाय!"