इंजिन बंद केल्यावर

शंभूराजच्या यानाचे तुकडे अजून पडद्यावर तरंगत होते. त्याने माउस आपटला.

"ह्यो डाव धरायचा न्हाई. ह्यो बग हाय."

सांगलीच्या त्या सायबर कॅफेतली पोरं भार्गवीच्या खुर्चीमागे दाटीवाटीने उभी होती. आपल्या ऐकण्यातच काहीतरी चुकलं, असं भार्गवीला वाटलं. बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक. आणि ही चूक नव्हेच, असं हाच शंभूराज रविवारपासून साताऱ्याच्या पोरांना ठासून सांगत होता.

रविवारी सांगली विरुद्ध सातारा असा इंटरनेटवर सामना झाला होता. अंतराळयानांची लढाई, जिंकेल त्याने पुण्याच्या स्पर्धेला जायचं. शंभूराज हरत आला होता. साताऱ्याचा मानसिंग त्याच्या अगदी पाठीवर होता. तेवढ्यात शंभूराजने इंजिन बंद केलं. यान होतं त्याच वेगाने पुढे जात राहिलं. मग त्याने यानाचं नाक मागे फिरवलं आणि उलट्या तोंडाने जाता जाता मानसिंगला उडवलं.

युक्ती भार्गवीची होती. ती बी.एस्सी.ला होती आणि त्या कॅफेत खेळायला येणारी एकटीच मुलगी होती. "तिथं हवाच नाही, मग यान थांबेल कशाला?" हे तिने शंभूराजला पुन्हा पुन्हा समजावलं, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात शिरलं.

साताऱ्याने बोंब ठोकली. इंजिन बंद करून यान पळतंच कसं? हा बग आहे, सामना पुन्हा घ्या. त्यावर शंभूराजने रोमन अक्षरांत मराठी बडवून पानंच्या पानं पाठवली. घर्षण, गती, न्यूटन. त्यात भार्गवीची वाक्यं जशीच्या तशी होती, भार्गवी मात्र कुठेच नव्हती. तिने ते मनाला लावून घेतलं नाही. लिहितोय ते बरोबर लिहितोय, एवढं तिला पुरेसं होतं. त्याच तोऱ्यात तो कॅफेत सगळ्यांदेखत म्हणाला होता, "मला हरवंल त्यानं पुण्याला जावं."

आज तिने त्याच युक्तीने त्याला हरवलं होतं.

"दादासोकाका, तुम्हीच सांगा," ती कॅफेच्या मालकांना म्हणाली.

दादासोंनी उगाच पंख्याकडे पाहिलं. "आता त्योच म्हनतोय म्हटल्यावर बग आसंल, बाई."

"मग रविवारचा डावही धरता येत नाही. तेव्हाही हीच युक्ती होती."

"त्यो येगळा," शंभूराज म्हणाला.

"वेगळं काय होतं त्यात?"

"त्यो मी केलता."

तो ओशाळला नाही की चिडला नाही. दुपारनंतर संध्याकाळ होते, इतक्या सहज त्याने ते सांगितलं. मागच्या पोरांनी माना डोलावल्या. त्याच्या गालात तंबाखूचा मावा होता. बोलताना उडालेले तपकिरी शिंतोडे समोरच्या पडद्यावर बसले होते. कॅफे हळदीच्या अडत दुकानाच्या वर होता, सगळीकडे तिचा पिवळा धुरळा असायचा, त्याची भार्गवीला कधी घाण वाटली नव्हती. त्या शिंतोड्यांची आज वाटली. ही पोरं इतके दिवस न्यूटनचं नाव घेत होती आणि त्यांना न्यूटनशी काहीएक देणंघेणं नव्हतं.

साताऱ्याशी चाललेल्या चॅटची खिडकी पडद्याच्या कोपऱ्यात उघडीच होती. तिथे मानसिंगचा नेहमीचा लांबलचक निरोप येऊन पडला होता. ही युक्ती नियमाला धरून नाही, ती बंद केल्याशिवाय आम्ही खेळणार नाही, पुण्यापर्यंत तक्रार नेऊ.

भार्गवीने कीबोर्ड पुढे घेतला. कुणी अडवायच्या आत तिने लिहिलं, "फेरसामना मान्य. आत्ता, लगेच. सांगलीकडून मी खेळणार. भार्गवी. ती युक्ती चालेल की नाही ते आधी सांगा."

"आगं ए!" शंभूराज पुढे झाला. पण निरोप गेला होता.

साताऱ्यातही पोरं गोळा होऊन खल करत असणार. मग एकच ओळ आली.

"पोरगी हाय व्हय? मग बगसकट खेळू दे की. आमची हरकत न्हाई."

कॅफेत हशा पिकला. शंभूराज डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. कुणीतरी म्हणालं, मानसिंग बिचारा दया करायला लागला. भार्गवीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सांगलीत काय आणि साताऱ्यात काय, तिने मनाशी म्हटलं, आणि पुढचं म्हटलंच नाही. तिने खेळ सुरू केला.

मानसिंग गाफील आला. सरळ तिच्या मागे लागला, आडोसा नाही, हुलकावणी नाही. तिने त्याला येऊ दिलं. अगदी जवळ येऊ दिलं. मग इंजिन बंद केलं. काळ्या पोकळीतून तिचं यान आवाज न करता सरकत राहिलं. तिने नाक फिरवलं, मानसिंगचं यान समोर आलं, आणि तिने बटण दाबलं.

मानसिंगच्या यानाचे तुकडे पडद्यावर तरंगू लागले.

कॅफेत मात्र एकच गलका झाला. मघाशी हसणारेच आता शिट्ट्या मारत होते. दादासोंनी खाली चहा सांगितला. सगळ्यात मोठा आवाज शंभूराजचा होता.

"बगितलं का रं गड्यांनो! बग म्हनत हुती सातारची! फिजिक्स हाय त्ये, आपलं फिजिक्स!"

त्याने एक हात भार्गवीच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि साताऱ्याला चार शब्द सुनावायला दुसरा कीबोर्डवर ठेवला.

"हात काढ," भार्गवी म्हणाली. "दोन्ही."