उतरलेली पट्टी

चाळीस वर्षं हॉटेलात जॅझ गाणाऱ्या बाईंचा जुना पियानोवाला हात थरथरायला लागल्यामुळे घरी बसला. दुपारच्या सरावाला त्याच्या जागी नवी मुलगी आली. पहिल्याच गाण्यात वरच्या सुराला बाईंचा आवाज फाटला. "एवढ्या वर कशाला वाजवतेस गं?" "मूळ पट्टीतच वाजवतेय, बाई," मुलगी म्हणाली. "पण गाण्यांच्या वहीत तुमच्या पियानोवाल्या काकांनी ती पेन्सिलीनं खाली उतरवलीय. तीनदा." बाईंनी वही हिसकावून पानं उलटली. प्रत्येक गाण्यावर तेच. त्यांनी पियानोवाल्याला फोन लावला. "मला सांगितलं का नाहीस?" "सांगितलं असतं तर गाणं सोडलं असतंस. मग मी कुणासाठी वाजवलं असतं?" फोन ठेवून बाईंनी उंच टाचांचे बूट काढले, खुर्ची ओढली आणि आजवर उभ्यानंच गाणाऱ्या बाई बसल्या. "आणखी एक सूर खाली घे," म्हणाल्या. "सावकाश वाजव. दमलेय मी."