मान झाकणारी कॉलर

चिखलीच्या कापडदुकानात गोजरबाईने आणखी एक शर्ट बाजूला सारला. "उभी केली तं मान झाकली पाह्यजे, अशी कॉलर दाखवा. बाह्या पुऱ्या, अन् अंगात ढिल्ला."

"काका लय शौकीन दिसतात," दुकानदार हसला. "त्याईलेच आणाचं होतं ना, माप बरोबर भेटलं असतं."

गोजरबाईने पुढचा शर्ट साडीवरूनच अंगात घातला. कॉलर उभी करून मानेमागे हात फिरवला.

"मलेच पाह्यजे, उन्हात कापूस येचाले," ती म्हणाली. "ते गेल्यापासून त्याईचेच घालत होती. आधी जुने, मंग सणासुदीचे. काल त्याईचा लग्नातला फाटला."